राहुल द्रविड : फलंदाज आणि गुरू

बंगळूर आणि महाराष्ट्र यांचा संबंध जुना आहे. सतराव्या शतकात हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, आणि शिवरायांच्या बाळपणातील काही काळ येथे गेला, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहेच. पुढे राज्ये बदलली, गोऱ्या पलटणींची छावणी आली, कारखाने आले, विज्ञानसंस्था आल्या, आणि चाकरीच्या निमित्ताने कितीतरी मराठी कुटुंबे या शहरात येऊन स्थिरावली. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर कानडी अशी तिपेडी भाषा बोलणारी मुले त्या घरांतून वाढली. अशाच एका घरात राहुल शरद द्रविड हा मुलगा वाढला. आडनाव द्रविड आणि मातृभाषा मराठी, हे ऐकून आजही पुष्कळांना नवल वाटते.

फलंदाज म्हणून द्रविड यांची कीर्ती सर्वांच्या परिचयाची आहे. त्यांना 'भिंत' ही पदवी मिळाली आणि ती इतकी चिकटली, की माणूस मागे पडून भिंतच पुढे राहिली. परंतु २०१२ साली बॅट खाली ठेवल्यावर त्यांनी जे दुसरे आयुष्य आरंभिले, ते पहिल्याइतकेच अभ्यासण्याजोगे आहे. मोठे खेळाडू निवृत्तीनंतर समालोचन करतात, निवडसमितीवर जातात, संघांना सल्ला देतात. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना घेऊन मैदानावर उभे राहण्याचे काम ते क्वचितच पत्करतात. द्रविड यांनी ते आपण होऊन पत्करले. त्या कामात त्यांनी जे नियम घालून दिले, त्यांतील बहुतेकांची मुळे त्यांच्या स्वतःच्या खेळाडूपणातील एखाद्या दुखऱ्या आठवणीत सापडतात.

राहुलचा जन्म ११ जानेवारी १९७३ रोजी इंदूर येथे झाला. वडील मुरंबे आणि जॅम तयार करणाऱ्या किसान कंपनीत होते. त्यावरून सवंगड्यांनी मुलाचे नाव 'जॅमी' पाडले. आई बंगळूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वास्तुशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. शिक्षण सेंट जोसेफ शाळेत आणि पुढे त्याच नावाच्या वाणिज्य महाविद्यालयात झाले. चिन्नास्वामी मैदानावर उन्हाळी शिबिरे भरत. तेथे केकी तारापोर या प्रशिक्षकांची दृष्टी या मुलावर पडली. तेव्हा तो यष्टिरक्षणही करीत असे, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरावयाची होती.

त्या काळी बंगळूरच्या क्रिकेटला एक स्वतंत्र अभिमान होता. मुंबईच्या संघाने सलग पंधरा वर्षे रणजी करंडक आपल्या घरी ठेवला होता, आणि १९७४ साली कर्नाटकाने याच शहरात, उपांत्य सामन्यात, ती मालिका तोडली होती. प्रसन्ना, चंद्रशेखर, विश्वनाथ ही नावे शाळकरी मुलांच्या तोंडी होती. मुंबईकर फलंदाज खडूस, तर कर्नाटकी फलंदाज नजाकतीचा, असा एक ढोबळ भेद रसिक करीत. द्रविड यांच्या खेळात दोहोंचा अंश दिसतो. मात्र ही रक्ताची करणी नसून सरावाची आहे, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

रणजी स्पर्धेतला त्यांचा पहिला सामना फेब्रुवारी १९९१ मध्ये पुण्यात झाला, आणि समोर संघ होता महाराष्ट्राचा. महाविद्यालयात शिकणाऱ्या या मराठी मुलाने कर्नाटकाच्या बाजूने ८२ धावा केल्या. अनिल कुंबळे आणि जवागल श्रीनाथ त्याच संघात होते. त्यानंतर धावांचा ओघ सुरू झाला, तरी कसोटीचे दार उघडावयास पाच वर्षे लागली. मध्यंतरी भारताच्या 'अ' संघाबरोबर दौऱ्यावर जाऊन एकही सामना न खेळता परत येण्याचा प्रसंगही त्यांच्यावर आला. पुढे त्यांनी मुलाखतीत त्याविषयी सांगितले आहे. वर्षभर खपून सात-आठशे धावा काढाव्यात, त्यांच्या जोरावर संघात जागा मिळवावी, आणि मग नुसते बाकावर बसून घरी यावे. पुढल्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून तेवढ्याच धावा. यासारखी वाईट गोष्ट नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

२० जून १९९६ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर सुरू झालेल्या कसोटीत ते प्रथम भारतातर्फे खेळले. संजय मांजरेकर जायबंदी झाल्यामुळे ही संधी मिळाली. सौरभ गांगुली यांचीही ती पहिलीच कसोटी. गांगुलींनी १३१ धावा केल्या आणि सातव्या क्रमांकावर उतरलेले द्रविड ९५ वर बाद झाले. शतक पाच धावांनी हुकले, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांचे मथळे साहजिकच गांगुलींच्या वाट्याला गेले. पुढल्या वर्षी जानेवारीत जोहान्सबर्गला १४८ धावा करून त्यांनी पहिले शतक नोंदविले. कसोटी फलंदाज म्हणून त्यांची जागा आता पक्की झाली.

एकदिवसीय सामन्यांत मात्र तसे झाले नाही. त्यांच्या धावांचा वेग मंद आहे, मोकळ्या जागेऐवजी चेंडू थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो, अशी तक्रार होऊ लागली आणि १९९८ साली त्यांना एकदिवसीय संघातून वगळण्यात आले. पंचविशीतल्या खेळाडूला हा घाव सोपा नसतो. त्यांनी खेळ मुळापासून तपासला, एकेरी धावा चोरण्याची कला शिकली, आणि १९९९ च्या विश्वचषक स्पर्धेत ४६१ धावा करून सर्व देशांच्या फलंदाजांत पहिला क्रमांक मिळविला. टॉन्टनला श्रीलंकेविरुद्ध गांगुलींच्या साथीने ३१८ धावांची भागी झाली, ती याच स्पर्धेत. वगळलेला खेळाडू संपला असे समजू नये, हा धडा त्यांनी पुस्तकातून घेतलेला नव्हता.

याहूनही बोलका प्रसंग मार्च २००१ मधल्या कोलकात्याच्या कसोटीचा. स्टीव्ह वॉ यांचा ऑस्ट्रेलियन संघ सलग सोळा कसोट्या जिंकून आला होता. पहिल्या डावात भारत १७१ धावांत कोसळला आणि २७४ धावांनी मागे पडून फॉलो-ऑन घेण्याची पाळी आली. तेव्हा एक निर्णय झाला. पहिल्या डावात ५९ धावा करणाऱ्या व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांना तिसऱ्या क्रमांकावर पाठवावे, आणि तिसऱ्या क्रमांकाचे मालक द्रविड यांनी सहाव्यावर उतरावे. क्रिकेटमध्ये क्रमांक म्हणजे केवळ आकडा नसतो. तो मान असतो. भर संकटात तो काढून घेणे म्हणजे आपल्यावरचा विश्वास उडाला, असे कोणाही फलंदाजाला वाटले असते.

द्रविड खेळावयास आले तेव्हा धावसंख्या होती ४ बाद २३२. त्यानंतर चौथा सबंध दिवस उगवला आणि मावळला; ईडन गार्डन्सवर एकही बळी पडला नाही. मॅकग्रा, गिलेस्पी, वॉर्न, कॅस्प्रोविच आळीपाळीने येत होते, कोलकात्याचा दमट उकाडा अंग पिळून काढीत होता, आणि हे दोघे एका दिवसात ३३५ धावा जमवून नाबाद परतले. लक्ष्मण यांच्या २८१, द्रविड यांच्या १८०, आणि दोघांची भागी ३७६. शतक पूर्ण होताच एरवीच्या या शांत माणसाने वार्ताहरकक्षाच्या दिशेने रागाने बॅट उगारली. मनात काय साठले होते, ते त्या एका हालचालीने सांगितले. भारताने तो सामना १७१ धावांनी जिंकला. लक्ष्मण यांचा खेळ अधिक देखणा होता हे खरेच. पण हिरावलेल्या क्रमांकाचे दुःख गिळून खेळलेल्या १८० धावांचे मोल शिक्षणाच्या दृष्टीने अधिक आहे, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

त्या संघाचे प्रशिक्षक होते न्यूझीलंडचे जॉन राइट. भारताला परदेशी प्रशिक्षक लाभण्याची ती पहिलीच वेळ. तत्पूर्वी भारतीय संघाबरोबर प्रामुख्याने व्यवस्थापक असे. अजित वाडेकर यांच्यासारख्या जाणत्या व्यवस्थापकाने शिकविण्याचेही काम केले, तरी स्वतंत्र प्रशिक्षक ही कल्पना आपल्याकडे उशिराच रुजली. द्रविड आणि राइट यांचा परिचय २००० साली इंग्लंडमधील केंट परगण्याच्या संघात झाला होता. राइट स्वतः पुढे पुढे करीत नसत. प्रसिद्धी कर्णधाराला आणि खेळाडूंना मिळावी, प्रशिक्षकाने सावलीत राहावे, ही त्यांची रीत. द्रविड यांच्या पुढील वागण्यात तिची छाया स्पष्ट दिसते.

पुढील वर्षांचा पट येथे थोडक्यात पुरे. २००३ मध्ये ॲडिलेडला २३३ आणि नाबाद ७२, २००४ मध्ये रावळपिंडीला २७०, असे डाव त्यांनी उभारले. संघाला एक जादा फलंदाज खेळविता यावा म्हणून त्यांनी ७३ एकदिवसीय सामन्यांत यष्टिरक्षण केले. तारापोर यांच्या शिबिरातले ते जुने कसब असे उपयोगी पडले. वाकून वाकून पाठ दुखावी, बोटे सुजावीत, आणि नंतर फलंदाजीही करावी, हे काम कोणी हौसेने मागत नाही. २००५ पासून दोन वर्षे ते कर्णधार होते. वेस्ट इंडीजमध्ये पस्तीस वर्षांनी आणि इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांनी कसोटी मालिका जिंकण्याचा मान त्यांच्या संघाने मिळविला. पण लोकांच्या स्मरणात राहिला तो मार्च २००७ चा विश्वचषक. वेस्ट इंडीजमध्ये झालेल्या त्या स्पर्धेत बांगलादेश आणि श्रीलंका यांच्याकडून हरून भारत पहिल्याच फेरीत बाद झाला. त्या वेळी प्रशिक्षक ग्रेग चॅपेल होते, आणि संघातील बेबनावाची चर्चा घरोघर चालली होती. प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्यात विश्वास नसला, तर गुणी माणसे एकत्र येऊनही काय होते, हे द्रविड यांनी त्या काळात कर्णधाराच्या जागेवरून पाहिले. सप्टेंबर २००७ मध्ये त्यांनी ते पद सोडले.

२०११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारत चारही कसोट्या हरला, आणि अडतीस वर्षांच्या द्रविड यांनी तीन शतके केली. ओव्हलवर सलामीला येऊन ते अखेरपर्यंत नाबाद राहिले. ९ मार्च २०१२ रोजी बंगळूरला त्यांनी निवृत्ती जाहीर केली. १६४ कसोटी, १३,२८८ धावा, ३६ शतके, २१० झेल. पण या आकड्यांपेक्षा एक निराळा आकडा बोलका आहे. कसोटी क्रिकेटमध्ये त्यांनी ३१,२५८ चेंडू खेळून काढले. इतके चेंडू तोवर दुसऱ्या कोणीही खेळले नव्हते.

येथून गुरूचे पर्व सुरू होते. राजस्थानच्या आयपीएल संघाचे नेतृत्व आणि मग मार्गदर्शन केल्यानंतर २०१५ साली त्यांनी भारताच्या १९ वर्षांखालील आणि 'अ' अशा दोन संघांचे प्रशिक्षकपद स्वीकारले. त्यांच्या जोडीला मुंबईचे पारस म्हांब्रे होते. १९९६ च्या ज्या इंग्लंड दौऱ्यात द्रविड प्रथम कसोटी खेळले, त्याच दौऱ्यात म्हांब्रेही प्रथम खेळले होते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीला पतौडी स्मृतिव्याख्यान देताना द्रविड यांनी एक नाजूक विषय काढला. कुमारांच्या स्पर्धांत खोट्या वयाचे दाखले आणून मोठी मुले खेळविली जातात, याची कुजबुज सर्वत्र होती. उघड कोणी बोलत नसे. द्रविड यांनी ते राष्ट्रीय व्यासपीठावरून सांगितले. वय चोरून खेळणारा मुलगा एका प्रामाणिक मुलाची जागा घेतो, हा एक तोटा. परंतु पालक आणि प्रशिक्षक हेच त्या मुलाला खोटे बोलावयास शिकवितात, हे त्यांना अधिक गंभीर वाटत होते. कुमारांच्या सामन्यांतील विजयाला भलतेच महत्त्व दिल्याने हे सारे घडते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

विजयाचे हे महत्त्व कमी करावयाचे, तर नियमच बदलावयास हवेत. २०१६ साली बांगलादेशात झालेल्या १९ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारत अंतिम सामन्यात वेस्ट इंडीजकडून हरला. त्यानंतर नियामक मंडळाने द्रविड यांच्या सूचनेवरून ठरविले, की कोणाही मुलाने ही स्पर्धा एकदाच खेळावी. वरवर पाहता हा नियम आत्मघाताचा वाटेल. एका विश्वचषकाचा अनुभव असलेली, वयात बसणारी मुले घरी ठेवून कोरी मुले घेऊन जावयाचे! पण त्यामागचा हिशेब सरळ होता. अनुभवी मुलांना पुढल्या पायरीवर, म्हणजे प्रौढांच्या स्पर्धांत जाऊ द्यावे, आणि त्यांच्या जागी नव्या पंधरा जणांना जग दाखवावे. करंडक त्यामुळे हुकला तरी चालेल.

दुसरा नियम 'अ' संघाचा. आपल्याबरोबर दौऱ्यावर येणारा एकही खेळाडू सामना न खेळता परत जाणार नाही, असे द्रविड आरंभीच सांगून टाकीत. कुमारांच्या संघात तर एका सामन्यातून दुसऱ्या सामन्यात पाच-पाच, सहा-सहा बदल होत. बाकावर बसून परतलेल्या त्या जुन्या तरुणाची आठवण येथे उघडच काम करीत होती. पुष्कळ माणसे आपल्या वाट्याचा अन्याय पुढल्या पिढीच्या पदरात घालतात, आणि त्याला शिस्त म्हणतात. सासुरवासाचे हे तत्त्व आपल्या समाजाला अपरिचित नाही.

२०१८ च्या जानेवारीत ही नवी मुले न्यूझीलंडला गेली. पृथ्वी शॉ कर्णधार. शुभमन गिल, अर्शदीप सिंग, कमलेश नागरकोटी संघात. नेमका त्याच वेळी हिंदुस्थानात आयपीएलचा लिलाव होता. अठरा वर्षांच्या मुलाचा भाव लाखांत लागणार की कोटींत, हे हजारो कोस दूर ठरत असताना त्याचे चित्त चेंडूवर राहावे कसे? लिलाव दरवर्षी येतात, हा विश्वचषक पुन्हा येणार नाही, असे गुरूंनी त्यांना बजावले. एकाच स्पर्धेचा नियम ज्याने केला, त्याच्या तोंडी हे वाक्य शोभलेही. ३ फेब्रुवारी २०१८ रोजी भारताने ऑस्ट्रेलियाला आठ गडी राखून हरविले. मनजोत कालराने शतक काढले.

त्यानंतरची हकीकत पैशाची आहे. मंडळाने द्रविड यांना ५० लाख, प्रत्येक खेळाडूला ३० लाख आणि साहाय्यक प्रशिक्षक वगैरे मंडळींना २० लाख रुपये जाहीर केले. पहाटे उठून चेंडू फेकणारा, मुलांची दुखणी पाहणारा आणि शिकविणारा यांच्यात एवढे अंतर का, असा आक्षेप खुद्द द्रविड यांनीच घेतला. अखेर रक्कम समान झाली. साहाय्यकांना २५ लाख आणि त्यांनाही २५ लाख. म्हणजे त्यांनी स्वतःचे निम्मे पारितोषिक कमी करून घेतले. याची स्तुती फार झाली, आणि ती योग्यच होती. परंतु संघात कोणाचे काम कमी दर्जाचे नसते, हे मुलांना शंभर व्याख्यानांनी जे पटले नसते, ते या एका हिशेबाने पटले असेल, याकडे स्तुती करणारांचे लक्ष गेले नाही.

२०१९ च्या जुलैत ते बंगळूरच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीचे प्रमुख झाले. २००० साली स्थापन झालेली ही संस्था तेव्हा चिन्नास्वामी मैदानाच्या आवारातच होती. मुलगा शिबिराला येत असे त्याच जागी. दीड वर्षाने, १९ जानेवारी २०२१ रोजी, ब्रिस्बेनला भारताने ३२८ धावांचे लक्ष्य गाठून ऑस्ट्रेलियाला तीन गड्यांनी नमविले. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ पासून हरला नव्हता. निम्मा संघ जायबंदी होता, आणि गिल, पंत, सिराज, वॉशिंग्टन सुंदर ही जी मुले जिंकून गेली, ती कुमार संघांच्या आणि 'अ' संघाच्या शाळेतून वर आलेली होती. लोकांनी श्रेय अकादमीच्या प्रमुखांना दिले. द्रविड यांनी हसून ते नाकारले. हे श्रेय अनाठायी आहे, कौतुक मुलांचे करा, एवढेच ते म्हणाले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये रवी शास्त्री यांच्यानंतर ते भारताच्या मुख्य संघाचे प्रशिक्षक झाले, आणि येथे खरी कसोटी लागली. मुलांना शिकविताना पराभव चालतो. मुख्य संघाला तो चालत नाही. सर्वांना संधी द्यावी म्हटले, तर अकराच जागा. धीर धरावा म्हटले, तर कोट्यवधी डोळे निकालावर. पहिली दोन वर्षे या दृष्टीने जड गेली. दक्षिण आफ्रिकेत आघाडी घेऊनही मालिका गेली. १० नोव्हेंबर २०२२ रोजी ॲडिलेडला, ट्वेन्टी-ट्वेन्टी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, इंग्लंडने एकही गडी न गमावता भारताला हरविले. जून २०२३ मध्ये ओव्हलवर कसोटीचे जगज्जेतेपद ऑस्ट्रेलियाने २०९ धावांनी नेले. त्या सामन्यात रविचंद्रन अश्विन यांच्यासारख्या गोलंदाजाला बाहेर बसविण्याचा निर्णय चुकीचा होता, हे म्हटलेच पाहिजे. आकाशात ढग होते आणि खेळपट्टी हिरवी होती, हे कारण पहिल्या दिवसापुरते ठीक. कसोटी पाच दिवसांची असते, हे द्रविड यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

ॲडिलेडच्या पराभवातून मात्र काही शिकले गेले. भारतीय फलंदाज आरंभी फार जपून खेळतात, हा दोष तेथे उघडा पडला होता. गंमत अशी, की तो दोष काढण्याची जबाबदारी क्रिकेटमधील सर्वांत प्रसिद्ध बचावपटूवर होती. कर्णधार रोहित शर्मा यांनी स्वतःच्या खेळापासून आरंभ केला. २०२३ च्या विश्वचषकात त्यांनी पहिल्या षटकापासून आक्रमण करून ५९७ धावा काढल्या. त्या पायी अनेकदा शतकापूर्वी बाद होणे पत्करले. भारत सलग दहा सामने जिंकला. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला अकरावा, म्हणजे अंतिम सामना होता. ट्रॅव्हिस हेडने १३७ धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून चषक उचलला. दहा विजय एका रात्रीत जणू पुसले गेले.

द्रविड यांची मुदत तेथेच संपत होती. सन्मानाने बाजूला होण्यास ती वेळ सोयीची होती, आणि कदाचित ते झालेही असते. रोहित शर्मा यांनी फोन करून आणखी काही महिने राहण्याची विनंती केली. द्रविड यांनी ही गोष्ट पुढे संघासमोर कृतज्ञतेने सांगितली. २००७ च्या संघात कर्णधार आणि प्रशिक्षक यांच्यामध्ये जे नव्हते, ते येथे होते.

२०२४ च्या आरंभी इंग्लंडचा संघ आला आणि हैदराबादची पहिली कसोटी जिंकून गेला. विराट कोहली मालिकेत खेळले नाहीत, इतर काही जायबंदी होते. तेव्हा रजत पाटीदार, सर्फराज खान, ध्रुव जुरेल, आकाश दीप आणि देवदत्त पडिक्कल असे पाच नवे खेळाडू एका मालिकेत उतरले. यशस्वी जयस्वालने ७१२ धावा केल्या. रांचीला हरत आलेला डाव जुरेलने ९० धावा करून सावरला. भारताने पुढचे चारही सामने जिंकले. आठ-नऊ वर्षांपूर्वी 'अ' संघाच्या शेतात जी पेरणी झाली होती, तिचा हा सुगीचा हंगाम.

त्याच जूनमध्ये वेस्ट इंडीजमध्ये ट्वेन्टी-ट्वेन्टी विश्वचषक होता. २००७ चे दुःख ज्या बेटांवर घडले, तीच बेटे. सलामीला येणारे कोहली पहिल्या सात डावांत मिळून ७५ धावा करू शकले होते. त्यांना खाली पाठवा, अशी ओरड झाली. द्रविड यांनी क्रमांक बदलला नाही, आणि मोठा डाव येणार असल्याचा विश्वास जाहीरपणे बोलून दाखविला. उपांत्य सामन्यात गयाना येथे इंग्लंडला ६८ धावांनी हरवून ॲडिलेडची परतफेड झाली. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारत ३ बाद ३४ असा अडचणीत आला. तेव्हा अक्षर पटेल यांना वर पाठविण्यात आले. त्यांनी ४७ धावा केल्या. दुसऱ्या टोकाला कोहली ७६ पर्यंत गेले. सात डावांत झाल्या त्यांपेक्षा एक धाव अधिक. दक्षिण आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस धावा हव्या होत्या आणि सहा गडी हातात होते. तेथून बुमरा, हार्दिक पंड्या आणि २०१८ च्या कुमार संघातला अर्शदीप यांनी सामना ओढून आणला. सीमारेषेवर सूर्यकुमार यादव यांनी मिलरचा झेल टिपला, आणि भारत सात धावांनी जिंकला.

खेळाडू म्हणून द्रविड यांना विश्वचषक कधीच मिळाला नव्हता. कोहलींनी तो त्यांच्या हातात दिला, आणि एक्कावन्न वर्षांचा हा संयमी गृहस्थ चषक डोक्यावर धरून बेभान ओरडला. त्या ओरडण्यात कोलकात्याच्या उगारलेल्या बॅटीचा अंश होता की नव्हता, हे ज्याचे त्याने ठरवावे. मंडळाने जाहीर केलेल्या बक्षिसात त्यांच्या वाट्याला इतर प्रशिक्षकांच्या दुप्पट रक्कम आली होती. ती याही वेळी त्यांनी निम्म्यावर आणून इतरांच्या बरोबरीची केली, असे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले.

सप्टेंबर २०२४ मध्ये ते राजस्थानच्या संघाकडे मुख्य प्रशिक्षक म्हणून परतले. पुढल्या हंगामापूर्वी बंगळूरला आपल्या मुलाबरोबर एका क्लबच्या सामन्यात खेळताना त्यांच्या पायाला दुखापत झाली. बावन्नाव्या वर्षी, स्थानिक लीगच्या सामन्यात! प्लास्टर घातलेला पाय आणि कुबड्या घेऊन ते जयपूरच्या सरावाला हजर राहिले. चाकांच्या खुर्चीत बसून फलंदाजांना सूचना देऊ लागले. २८ एप्रिल २०२५ रोजी चौदा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीने ३५ चेंडूंत शतक पुरे केले, तेव्हा पायाचे भान विसरून ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. संघ मात्र त्या हंगामात चौदांपैकी चारच सामने जिंकून नवव्या क्रमांकावर राहिला. ३० ऑगस्ट २०२५ रोजी द्रविड यांनी ते पद सोडले. संघाने त्यांना त्याहून व्यापक अधिकाराची जागा देऊ केली होती. ती त्यांनी घेतली नाही.